ग्लास खाली करा

माझ्या नातीने शिक्षिका व्हायचा कोर्स धरला तेव्हा घरात सगळ्यात जास्त विरोध माझा होता. मुलगा आणि सून नाही म्हणत होते ते काळजीपोटी. तिला नोएडातच एका कंपनीत चांगली नोकरी होती. एसीत बसायचं, न्यायला-आणायला कॅब. ती सोडून दोन वर्षं पुन्हा विद्यार्थी व्हायचं, मग सरकारी पात्रता परीक्षा द्यायची, आणि मग जागा निघायची वाट बघत बसायचं. निघतील की नाही ते कोणी सांगत नाही. हे सगळं खरंच होतं. पण माझं म्हणणं वेगळं होतं. मला ते शिकण्यासारखं काम वाटतच नव्हतं.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावच्या शाळेत एकच मास्तर चार वर्ग सांभाळायचे. एका वर्गाला पाढे म्हणायला लावायचे, दुसऱ्याला शुद्धलेखन, तिसऱ्याला अंगण झाडायला. त्यांनी कुठला कोर्स केला होता मला माहीत नाही. आम्हाला लिहिता-वाचता आलं, हिशेब आला. मी नातीला म्हटलं, "ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला सांगायचं. त्यात दोन वर्षं काय करणार तू?"

ती म्हणाली, "आजी, तुझ्या वर्गात सगळ्यांना आलं का?"

"सगळ्यांना कसं येईल? ज्यांना येईना ते यायचे बंद झाले."

"मग त्यांच्यासाठी दोन वर्षं."

हे उत्तर तिने कोर्सच्या मुलाखतीसाठी पाठ केलेलं असणार. इतक्या पटकन तिला एरवी काही सुचत नाही.

आमचं घर दिल्लीत फार वर्षांपासून आहे. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं. मुलगा तिथेच वाढला, त्यालाही सरकारी नोकरी लागली. आता नोएडात नवव्या मजल्यावर आहोत. सून पुण्याची. नात इथे जन्मली, इथे शिकली, इंग्रजी शाळेत. घरी आम्ही मराठी बोलतो असं आम्ही म्हणतो. प्रत्यक्षात ती "चलो आजी, मी निघते, लेट होतंय यार" असं बोलते, आणि आम्हाला ते ऐकून काही वाटेनासं झालेलं आहे.

कोर्स सुरू झाला आणि घरात थर्माकोल आला. चकचकीत कागद, स्केचपेन, गोंद, कापसाचे ढग. जेवणाच्या टेबलावर अर्धी पृथ्वी असायची आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. मुलगा म्हणायचा, "ही शिक्षिका होणार आहे की मंडपवाली?" त्याचं मला पटायचं. इतकी चित्रं लावून शिकवायचं तर शिक्षकाचं काम काय उरलं?

मग पाठाचं टाचण आलं. ती त्याला लेसन प्लॅन म्हणते. प्रत्येक तासाचं आधी लिहून काढायचं. पानाचे दोन भाग. डावीकडे शिक्षिका काय बोलणार, उजवीकडे मुलं काय बोलणार. मी चष्मा लावून वाचलं. डावीकडे होतं, "मुलांनो, आंघोळीसाठी आपण पाणी कशात घेतो?" उजवीकडे होतं, "विद्यार्थी म्हणतील: बादलीत."

मी विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणतात, आजी."

"एखादा म्हणाला, आम्ही नळाखाली बसतो?"

"मग मी त्याला असं वळवायचं की तो बादली म्हणेल."

"म्हणजे तुझ्या कागदावर आहे ते त्याच्या तोंडून काढायचं."

"आजी, मार्क त्याचेच असतात," ती म्हणाली आणि ते पान माझ्या हातातून काढून घेतलं.

सरावासाठी तिला वर्ग लागायचा, तो मी व्हायचे. दुपारी सोफ्यावर पाय पसरून मी तिसरीत बसायचे. एक दिवस ती तांब्या घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सांगा पाहू, या भांड्यात किती पाणी येतं?"

"नळाला येईल तेवढं."

"आजी, सीरियसली."

"मग नीट विचार. येतं नाही, मावतं. किती पाणी मावतं."

मावतं हा शब्द तिने माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेला आहे. डब्यात पोळ्या मावत नाहीत, कपाटात साड्या मावत नाहीत. पण तिने तो स्वतः कधी वापरला नव्हता. दोन-तीनदा म्हणून बघितला आणि टाचणात लिहून घेतला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हिला घरात मराठी ऐकू येते, पण हातात येत नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांना काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना घराजवळच्या हिंदी शाळा मिळाल्या. हिने फॉर्मवर मराठी येते असं लिहिलं होतं म्हणून हिला पहाडगंजच्या बाजूची मराठी शाळा मिळाली. ती खूश होती. म्हणाली, "हे तर माझं होम ग्राउंड आहे."

पहिल्याच दिवशी होम ग्राउंडवरून चिडून आली.

"मुलं मला बाई म्हणतात."

"मग काय म्हणणार?"

"मॅम म्हणा. टीचर म्हणा. दीदी पण चालेल. बाई काय, आजी? आपल्या सोसायटीत बाई कोणाला म्हणतात?"

ते बरोबर होतं. आमच्या लिफ्टमध्ये सकाळी सगळ्या बायकांचं एकच बोलणं असतं. तुमची बाई आली का, आमची बाई सुट्टीवर आहे, बाई ने आज फिर छुट्टी मार ली. बाई म्हणजे भांडी घासणारी, फरशी पुसणारी. नातीने बाई हा शब्द याच अर्थाने ऐकत जन्म काढलेला.

मी म्हटलं, "आमच्याकडे शिकवणारीला बाईच म्हणतात. मान असतो तो."

"तिथल्या क्लास टीचर पण तेच म्हणाल्या. म्हणाल्या, मला इतकी वर्षं बाई म्हणतायत, मी काही झिजले नाही." मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय, मला मॅम म्हणा."

मुलांनी अर्थातच ऐकलं नाही.

तिच्याकडे तिसरीचा वर्ग होता. आमच्यासारख्या नोकरदार घरांतली मुलं त्यात नव्हती, ती सगळी इंग्रजी शाळेत जातात. निम्मी मुलं सांगली-साताऱ्याकडची. त्यांचे वडील इथे सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत कामाला असतात. ही मुलं घरी गावची मराठी बोलतात. बाकीची आजूबाजूच्या गल्ल्यांतली, घरी हिंदी बोलणारी. शाळा जवळ पडते म्हणून येतात आणि वर्षा-दोन वर्षांत मराठी वाचायला लागतात. या दोघांच्या मधे माझी नात, जी घरी एक बोलते आणि दाराबाहेर दुसरं.

आता त्या दिवसाचं सांगते. कॉलेजमधून सुपरवायझर मॅडम पाठ बघायला येणार होत्या. त्या पाठाचे गुण मोठे असतात. बिघडला तर एकदा पुन्हा संधी मिळते, तोही बिघडला तर शाळेतले सगळे महिने पुढच्या वर्षी परत करायचे. पाठ होता कोणत्या भांड्यात किती मावतं याचा. नातीने घरून बादली नेली, प्लास्टिकचा जग नेला, ग्लास नेले, आणि माझे दोन स्टीलचे पेलेही मला न विचारता नेले. पुढचं मी तिच्याकडून ऐकलेलं आहे, तिने एकदाच सांगितलं.

मुलं गटागटाने बसली होती. पाणी भरणं, मोजणं, सगळं छान चाललं होतं. प्रत्येकाच्या हातात भरलेला ग्लास होता. आता हिला फळ्याकडे लक्ष वेधायचं होतं. मुलांच्या हातात वस्तू असली की ती ऐकत नाहीत, आधी वस्तू ठेवायला सांगा, असं कॉलेजात शिकवलेलं. म्हणून ही म्हणाली, "चला, सगळ्यांनी आपापले ग्लास खाली करा."

हिच्या डोक्यात हिंदीतलं नीचे करो होतं. ते मराठीत आणताना खाली करा झालं. सांगलीच्या मुलांनी ऐकलं खाली, आणि ग्लास खाली ठेवले, कोणी बाकावर, कोणी जमिनीवर. हिंदी बोलणाऱ्या मुलांनीही ऐकलं खाली, आणि त्यांच्या घरी खाली म्हणजे रिकामं. त्यांनी ग्लास रिकामे केले. जिथे बसली होती तिथेच. एकाने तर शेजारच्या मुलीच्या वहीवर. ती मुलगी गावाहून नुकतीच आलेली, बाईंनी सांगितलं म्हणून ग्लास नीट ठेवून हाताची घडी घालून बसलेली. ती रडायला लागली. आणि ज्यांनी ग्लास ठेवले होते त्यांना वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून त्यांनीही उचलून ओतले.

सुपरवायझर मॅडमनी पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले.

शाळेतली मावशी त्या वेळी कुठेतरी कामात होती. नातीने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि स्वतः फरशी पुसायला बसली. तेव्हा मागून एक पोरगा म्हणाला, "देख देख, बाई पोछा मार रही है." वर्ग हसला. तिने मान वर केली नाही. तास संपेपर्यंत पुसत राहिली.

मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, सूचना अस्पष्ट, वर्गावर नियंत्रण नाही. जाताना म्हणाल्या, "बेटा, आपको तो मराठी आती थी ना?" आणि वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुझी मराठी हिंदीच्या डोक्याने चालते गं."

घरी आली, बादली बाथरूममध्ये ठेवली आणि माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, कंपनीतल्या जुन्या मॅनेजरचा मेसेज आलाय, जागा आहे, परत ये म्हणतोय. मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "बघ बाबा, तू ठरव." त्याच्या आवाजात ठरलेलं होतं.

तिने मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ज्या भाषेत पेला ठेव म्हणून सांगता येत नाही त्या भाषेत शिकवू नये. हिंदी शाळा मागून घे."

"तिथे मला मराठी मधे येईल, आजी. मी कॉलेजमधे एकदा 'बच्चों, इधर बघो' म्हटलं होतं. सगळे हसले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला एकही भाषा पूर्ण येत नाही. असा माणूस कोणाला काय शिकवणार?"

समजूत घालणं मला जमत नाही. मी तिला बसमधली गोष्ट सांगितली. ती तिने ऐकलेली नव्हती. लग्न होऊन दिल्लीत आले त्या वर्षी मी एकटी बसने निघाले होते. शेजारची जागा मोकळी होती. एका माणसाने विचारलं, "बहनजी, यह सीट खाली है?" मी वाकून सीटकडे बघितलं. चांगली वर होती. मला येत होतं तेवढं सगळं हिंदी गोळा करून मी म्हटलं, "नहीं, ऊपर है." त्याने बसच्या छताकडे बघितलं. कंडक्टर पुढचा स्टॉप येईपर्यंत हसत होता, आणि यजमानांनी ती गोष्ट ऑफिसात किती वर्षं सांगितली त्याला गणती नाही.

नात हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. मग तिने विचारलं, "तेव्हा तुला काय वाटलं? लाज वाटली?"

"लाज कशाची? मला वाटलं त्या माणसाला वेड लागलंय."

"म्हणजे तुला वाटलं तू बरोबर आहेस."

"होतेच मी बरोबर. सीट वर होती."

"आणि तो?"

"तोही बरोबरच होता म्हणा, त्याच्या हिशेबाने."

मॅनेजरला तिने त्या दिवशी उत्तर दिलं नाही.

पुन्हा पाठ द्यायची तारीख ठरली तेव्हा तिला सगळ्यांनी सल्ले दिले. वर्गाच्या बाई म्हणाल्या, पाणी आणू नकोस. मॅडम म्हणाल्या, चार्ट से करा लो. मीही माझा दिला. म्हटलं, सुरुवातीलाच सांगून टाक की खाली म्हणजे जमिनीकडे, रिकाम्याला रिकामं म्हणायचं, या शाळेत हिंदी खाली चालणार नाही. आणि रोज दहा शब्द पाठ कर. तिने आमचं तिघींचं नीट ऐकून घेतलं. मग पुन्हा बादली काढली.

मी म्हटलं, "मी येते."

"कशाला?"

"माझे पेले आहेत."

"आजी, तू मधे बोलणार."

"नाही बोलणार."

शाळेत तिने विचारलं, त्यांनी हो म्हटलं. सकाळी मेट्रोत ती बादली मांडीवर घेऊन बसली होती. मी टाचण मागून घेतलं. सुबक लिहिलेलं होतं, पण पहिल्याच प्रश्नासमोर उजवीकडची जागा कोरी होती.

"इथे लिहायचं राहिलं."

"राहिलं नाही. मला माहीत नाही ते काय म्हणतील."

"मॅडम मार्क कापतील."

"कापू दे."

स्टेशनबाहेर बॅटरी रिक्षा केली. गल्लीत हॉटेलांच्या पाट्या, हातगाड्या, पाठीवर पिशव्या घेतलेले गोरे लोक. शाळेत मात्र शिरल्याबरोबर मराठीत गोंधळ ऐकू आला, आणि तो तसा गोंधळ मी दिल्लीत फार दिवसांनी ऐकला. मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक तिसरीचा, माझे गुडघे त्यात जाईनात, मी तिरकी बसले. वर्गाच्या बाई माझ्या शेजारी बसल्या. सुपरवायझर मॅडमनी या वेळी खुर्ची दाराजवळ घेतली होती.

नातीने बादली झाकून ठेवली. मुलांना नुसते ग्लास दिले, कोरडे. आणि म्हणाली, "त्या दिवशी मी म्हटलं, ग्लास खाली करा. आज परत म्हणते. ज्याला जे वाटतं ते करून दाखवा. ग्लास खाली करा."

निम्म्यांनी ग्लास जमिनीवर ठेवले. निम्म्यांनी हातातच उलटे धरले. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे, उल्टा कर ना," तो मागचा पोरगा म्हणाला. पोछावाला तोच, हे मला नंतर कळलं.

वही भिजलेली मुलगी म्हणाली, "खाली म्हंजी खाली. भुईवर."

"खाली मतलब खाली. अंदर कुछ नहीं."

"आतलं नाय, खालचं!"

"मेरी मम्मी से पूछ ले."

वर्गात बाजार भरला. मॅडमचं पेन वर झालं. नात फळ्याला टेकून नुसती उभी होती. मला राहवेना. सांगून टाक की, खाली म्हणजे काय ते, एका वाक्याचं काम आहे. मी तोंड उघडलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. तशी नजर मी मास्तरांनंतर झेललेली नव्हती.

आवाज जरा कमी झाल्यावर नात म्हणाली, "हिच्या घरी खाली म्हणजे भुईवर. त्याच्या घरी खाली म्हणजे आत काही नाही. दोघांचं बरोबर आहे. मग मी काय म्हणू, म्हणजे दोघंही एकच गोष्ट करतील?"

"ठेवा म्हणा," कोणीतरी म्हणालं.

"आणि पाणी काढून टाकायचं असेल तर?"

"वता म्हणा," ती मुलगी म्हणाली.

"वता क्या?" मागच्याने विचारलं.

तिने उठून कोरडा ग्लास त्याच्या डोक्यावर उलटा केला. "ह्ये असं."

नातीने फळ्यावर दोन शब्द लिहिले. ठेवा. ओता. म्हणाली, "आजच्या दिवस खाली हा शब्द बंद. जो म्हणेल त्याने फरशी पुसायची."

"बाईंनीपण?"

"बाईंनीपण," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं. ती बादलीवरचं झाकण काढत होती.

मग पाण्याचं काम सुरू झालं. तिने जग उंच धरला आणि विचारलं, "सांगा, या जगात किती पाणी मावेल?"

ती मुलगी ताडकन म्हणाली, "लई मावंल बाई. जगात समुद्र हाय."

वर्गाच्या बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. नातीला कळायला एक क्षण लागला, मग तीही हसली आणि म्हणाली, "त्या जगात समुद्र मावतो. या जगात काय मावतं ते बघू." हिंदी बोलणाऱ्या मुलांना तिने जग म्हणजे दुनिया हे सांगितलं, तेव्हा ती मुलंही हसली. मॅडम कोरड्या चेहऱ्याने लिहीत होत्या. त्यांना यातलं काही पोचलेलं नव्हतं. मोजून झालं, जगात माझ्या स्टीलच्या पेल्याने सात पेले पाणी मावलं, आणि प्लास्टिकच्या ग्लासने जास्त, कारण ते लहान. असं का, यावर मुलं भांडली. या भांडणातून तिने त्यांना लिटरकडे नेलं. नेलं म्हणजे त्यांनीच शेवटी विचारलं की सगळ्यांचा ग्लास एकच का नसतो.

शेवटी घाईत ती म्हणाली, "चला, छान, आता ग्लास खाली—"

ती थांबली, पण उशीर झाला होता. सगळा वर्ग ओरडला, "बाई, खाली!"

तिने फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागली. हसत होती. तो मागचा पोरगा बाकावर उभा राहून तिला दाखवत होता. "बाई, उधर भी गीला है."

"कुठे?"

"टेबल के पास. थोडा नीचे. आपकी चप्पल के खाली."

मुलांनी त्याला तिथल्या तिथे पकडलं. हिंदीत बोललो होतो, मग चालतं, असं तो म्हणत होता, पण आपकी चप्पल के खाली हे काही हिंदी नव्हे, हे हिंदीवाल्यांनीच त्याला सांगितलं. दुसरं फडकं त्याला दिलं. टेबलाच्या एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने बाई.

मॅडमनी त्या पोराला विचारलं, "क्या सीखा आज?"

तो फडकं पिळत म्हणाला, "जग में सात गिलास आते हैं." मग थांबून म्हणाला, "आते नहीं, मावते हैं."

मॅडमनी वर्गाच्या बाईंना विचारलं, हे मावते काय असतं. बाई त्यांना हाताने दाखवत राहिल्या.

नात पास झाली. फार चांगले गुण नाहीत. वेळ जास्त घेतला, तक्ता वापरला नाही, टाचणात एक जागा कोरी सोडली, याचे कापले. विद्यार्थी सहभाग चांगला, असं लिहिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, माझा सल्ला का नाही घेतलास. ती म्हणाली, "तुझ्या सल्ल्याने निम्मा वर्ग चुकीचा ठरला असता, आजी." गल्लीत गर्दी होती आणि मला पेले सांभाळायचे होते.

तिने त्याच आठवड्यात मॅनेजरला नाही म्हणून कळवलं. मुलगा अजून बघू म्हणतो. कोर्स संपला, पात्रता परीक्षा अजून व्हायची आहे, आणि पक्की नोकरी लागलेली नाही. लागेल की नाही ते मला माहीत नाही, त्यामुळे लिहीत नाही. सध्या त्याच शाळेत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहे, तिच्या जागी ही जाते. सकाळी लवकर उठते, डबा घेते, कॅब नाही, मेट्रोने जाते. कंपनीत जाताना ती इतकं बोलत नसे. आता संध्याकाळी जेवताना तिसरीतला प्रत्येक जण काय बोलला ते आम्हाला ऐकावं लागतं. दोन वर्षं जास्त होतात असं माझं अजूनही मत आहे. थर्माकोलचं एक वर्ष तरी नक्की कमी करता येईल. पण ते शिकण्यासारखं काम नाही, असं मी आता म्हणत नाही. नंतर परत नेलेला माझा एक पेला शाळेतच राहिलाय. उद्या आणते म्हणते.

मागच्या रविवारी ती आंघोळीला गेली होती आणि तिचा फोन बाहेर वाजत होता. सुनेने उचलला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला असावा, मला फक्त सूनबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोण? बाई? नाही, बाई आज नाही येत, रविवारची सुट्टी असते तिला. काम काय होतं? भांडी की..."

ती थांबली, फोन हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं. एवढ्यात नात केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"हां, बोला ताई," ती म्हणाली. "बाईच बोलतेय."